जबड्याची सौम्य गाठ : निदान, शस्त्रक्रिया आणि नोंद

‘कॅन्सर नाही ना, डॉक्टर?’ जबड्याची गाठ निघाली की घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. ‘नाही’ हे उत्तर ऐकून जीव भांड्यात पडतो आणि पुढची तपासणी रेंगाळते. खालच्या जबड्याच्या बाबतीत ही निश्चिंतता महागात पडू शकते.

अमेलोब्लास्टोमाचंच घ्या. दाताचं एनॅमल घडवणाऱ्या पेशींच्या कुळातली ही गाठ सौम्य गटात मोडते. क्युसॅक या शल्यचिकित्सकांनी १८२७ साली तिची नोंद केली. सुमारे ८० टक्के वेळा ती खालच्याच जबड्यात, बहुधा दाढांच्या मागे होते. ती हळूहळू वाढते आणि दुखत नाही, त्यामुळे गाल सुजेपर्यंत किंवा दाढा हलेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेमध्ये हाडात साबणाच्या फेसासारखे काळे कप्पे दिसतात, शेजारच्या दातांची मुळं झिजलेली असतात. पण केराटोसिस्ट हा जबड्यातला सिस्टही एक्स-रेत असाच दिसू शकतो. म्हणून सीटी स्कॅननं गाठीचा विस्तार मोजायचा आणि बायोप्सीनं तिची जात ठरवायची.

जात ठरली की शस्त्रक्रियाही ठरते. ओडोन्टोमा ही जबड्याची दुसरी सौम्य गाठ; ती अलगद काढली तर सहसा पुन्हा होत नाही. नेहमीच्या, बहुकप्पी अमेलोब्लास्टोमाच्या पेशी मात्र एक्स-रेतल्या कडेपलीकडच्या हाडात शिरलेल्या असतात. गाठ नुसती खरवडली तर ती बहुतेकदा परतते. त्यामुळे भोवतालचं एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाडही काढावं लागतं. ती पोकळी पायातल्या फिब्युला हाडानं भरून काढण्याची पद्धत हिडाल्गो या शल्यचिकित्सकांनी १९८९ साली मांडली. तरुण रुग्णाला पुन्हा चावता-बोलता येतं, ते या पद्धतीमुळे. अमेलोब्लास्टोमाच्या अनेक गाठींत बीआरएएफ जनुकातला बदल असल्याचं २०१४ साली दिसून आलं आणि औषधोपचाराचीही दिशा खुली झाली.

आता कागदावरच्या नोंदीकडे वळू. आयसीडी-१० या रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात खालच्या जबड्याच्या हाडातल्या सौम्य गाठीचा कोड डी१६.५. ओडोन्टोमाही त्यातच आणि अमेलोब्लास्टोमाही त्यातच. म्हणजे एकाला छोटी शस्त्रक्रिया, दुसऱ्याचा जबडा कापावा लागतो, पण फाइलवर दोघांचा कोड एकच. हा कोड जागा सांगतो, गाठीची जात सांगत नाही. ती सांगायला आयसीडी-ओ या गाठींच्या वर्गीकरणातला पेशीरचनेचा कोड आहे : अमेलोब्लास्टोमाला ९३१०/०, ओडोन्टोमाला ९२८०/०. तिरक्या रेघेनंतरचं शून्य म्हणजे सौम्य. बायोप्सीचा अहवाल येण्याआधीच कोड टाकला आणि नंतर तो तपासला नाही, तर दाताच्या साध्या सिस्टचा के०९.० आयुष्यभर चिकटून राहतो.

अमेलोब्लास्टोमा दहा वर्षांनंतरही परतू शकतो. तोवर डॉक्टर बदललेला असतो, कधी गावही. नव्या डॉक्टरच्या हाती असतो तो जुना कागदच. म्हणून डिस्चार्ज कार्डावर कोडसोबत गाठीचं पूर्ण नाव, किती हाड काढलं आणि पुढचा ओपीजी कधी, हे लिहिलंच पाहिजे. रुग्णानंही ते मागून घ्यावं.