कातळाच्या फटीत दुर्बीण

वेरूळचे कैलास लेणे रचलेले नाही, डोंगर वरून खाली कोरत आणून घडवलेले आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. या कौतुकाआड एक अडचण मात्र झाकली जाते. रचलेल्या देवळाला सांधे असतात; दगड उतरवून मागे काय बिघडले ते पाहता येते आणि भिंत पुन्हा चढवता येते. जवळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, तसा कैलासाचा कोणालाच करता येणार नाही. इथला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. निवताना तो आकसला आणि त्याला तडे गेले. पावसाळ्यात माथ्यावरचे पाणी या तड्यांतून उतरते, एक थर संपून दुसरा सुरू होतो तिथे अडते, आडवे सरकते आणि आत शिरले त्या जागेपासून बऱ्याच अंतरावर छतातून पाझरते. ओल दिसते तिथेच दुखणे असेल, असे म्हणूनच धरून चालत नाही.

अशा जागी आत डोकावायला लवचिक दुर्बीण हवी. कारखान्यांत तिला बोरोस्कोप म्हणतात; मोटारसायकलच्या इंजिनात स्पार्क प्लगच्या भोकातून सिलिंडर पाहतात तीच ही. १९५४ साली हॉपकिन्स आणि नरिंदर सिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते हे दाखवले; आज कॅमेराच केबलच्या टोकाला बसतो आणि फोनला जोडायची दुर्बीण कोणालाही परवडते. विकत घेणारा पहिल्यांदा मेगापिक्सेल विचारतो. माझ्या मते तो प्रश्न सर्वांत शेवटचा. आधी विचारायचे ते हे, की वाट सर्वांत अरुंद कुठे आहे, आणि गेलेले टोक परत येईल का? फट तोंडाशी रुंद आणि आत चिंचोळी असते, म्हणून केबल त्या चिंचोळ्या जागेपेक्षाही बारीक हवी. नुसती लांबी उपयोगाची नाही. मऊ केबल ढकलली की वाटेतच वळकटते. दिलेला आकार धरून ठेवणारी, किंचित ताठ केबल बरी. टोक मुठीतून वळवता येत असेल तर बाजूची भिंत दिसते, नाहीतर नुसते समोरचे भोक. पण वळवलेले टोक सरळ न करता ओढले तर ते कातळाच्या धारेत अडकते आणि दुर्बीणच नवा अडथळा होऊन बसते.

स्पष्ट चित्राचे महत्त्व नाही का, असे कोणी विचारेल. आहे; पण ते पिक्सेलांपेक्षा अंतरावर आणि प्रकाशावर ठरते. अनेक स्वस्त कॅमेऱ्यांना वस्तू तीन-चार सेंटिमीटर दूर असल्याशिवाय नीट दिसत नाही, आणि फटीची भिंत असते जेमतेम एका सेंटिमीटरवर. काळा दगड उजेड गिळतो, तोच ओला असला की चमकून डोळे दिपवतो. म्हणून दिवे कमी-जास्त करता आलेच पाहिजेत. शिवाय जवळून पाहताना मिलिमीटरभराची चीर दरीसारखी भासते. शेजारी ओळखीच्या मापाची वस्तू दिसत नसेल तर पडद्यावरून रुंदी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

याहून वजनदार आक्षेप संरक्षकांचा आहे: जपायचे त्यालाच दुर्बीण इजा करणार नाही का? राजदेव सिंग आणि एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये दाखवले की वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू कालवलेले होते. असा गिलावा फटीच्या काठाशी उरला असेल, तर केबलच्या एका घासण्यानेही गळू शकतो. फ्लॉरेन्समध्ये २०११ साली लिओनार्दोचे हरवलेले भित्तिचित्र शोधण्यासाठी वसारीच्या चित्रात भोके पाडून दुर्बीण घातली गेली; त्यावर वादळ उठले आणि काम थांबले. उलट गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये २०२३ साली जाहीर झालेली नऊ मीटरची पोकळी आधी म्युऑन कणांनी, मग रडारने आणि ध्वनिलहरींनी हेरली गेली, आणि शेवटी दगडांमधल्या मुळातच असलेल्या सांध्यातून बारीक दुर्बीण आत सरकवली गेली. दोन्हीकडे दुर्बीणच होती, फरक वाटेचा होता. मग रडारच पुरे, दुर्बीण कशाला? कारण रडार पोकळी आहे एवढे सांगते. आत झाडाचे मूळ शिरले आहे, गाळ साचला आहे की जुन्या दुरुस्तीचे सिमेंट आहे, हे पाहिल्याशिवाय सहसा कळत नाही, आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

१९८३ पासून जागतिक वारसा असलेल्या, १९५८ च्या कायद्याने संरक्षित लेण्यांत हे काम पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवानगीनेच व्हायचे. पर्यटकाने खिशातली दुर्बीण फटीत घालून हौस भागवू नये. फटीत वटवाघूळ किंवा साप असू शकतो, हे वेगळेच. तज्ज्ञानेही एकदाच पाहून निदान करू नये. केबलवर दर दहा सेंटिमीटरला खूण करावी, त्याच फटीत मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये तितक्याच खोलीवर टोक न्यावे, आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत. मे महिन्यात कोरडी दिसलेली माती ऑगस्टमध्येही कोरडीच असेल, तर पाण्याची वाट बहुधा दुसरीकडून आहे, आणि शोध लेण्यातून उचलून डोंगरमाथ्यावर न्यायला हवा.