शाईतली गिरकी

नाचणाऱ्या माणसाचं चित्र काढायला बसलं की बहुतेकांचा हात आधी चेहऱ्याकडे जातो. डोळे, टिकली, कानातले झुमके मन लावून काढले जातात. मग गळा, मग खांदे, असं करत पायांपर्यंत पोचेतो कागद संपतो आणि नर्तकी खिळा ठोकून उभी केल्यासारखी दिसते. दोष हाताचा नसतो, क्रमाचा असतो. नर्तकीचं वजन कुठं आहे हे आधी, अंगाचा झोक त्यानंतर आणि बारकावे सगळ्यात शेवटी, एवढा क्रम पाळला तरी चित्र हलायला लागतं.

या कामाला शाई सोयीची, कारण ती खोडता येत नाही. एक रेघ चुकली तर पुढची नीट पाहून काढायची, एवढाच उपाय हाती उरतो. उदाहरणादाखल आपण कथक आणि लावणी घेऊ. दोन्ही आपल्याकडे पाहायला मिळतात आणि दोन्हींत अंग तोलायची तऱ्हा वेगळी आहे.

सामान

शाई ‘इंडियन इंक’ घ्यावी. ही काजळीची शाई: काजळी, पाणी आणि काजळी कागदाला धरून ठेवणारं चिकट द्रव्य. जलरोधक प्रकारात त्यासाठी बहुधा लाख असते, म्हणून सुकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवला तरी रेघ पसरत नाही. फाउंटन पेनची साधी शाई पाणी लागलं की पसरते आणि उजेडात फिकी पडत जाते.

इथे एक चूक हमखास होते. इंडियन इंक फाउंटन पेनात भरली जाते, ती पेनाच्या जिभेत सुकते आणि पेन कायमचं बसतं. ही शाई ब्रश आणि टाकासाठीच ठेवायची.

ब्रश गोल, सहा ते आठ नंबरचा असावा. पाण्यात बुडवून झटकल्यावर केसांचं एकच टोक झालं पाहिजे. दोन फाटे राहत असतील तर तो घेऊ नये. टाक म्हणजे होल्डरला बसवलेली सुटी निब. नव्या निबेवर गंज धरू नये म्हणून तेलाचा पातळ थर असतो आणि त्यावर शाई ठरत नाही. साबणाच्या पाण्यानं धुवून, पुसून मगच ती वापरायला घ्यायची.

कागद कार्ट्रिजचा, 130 ते 150 जीएसएमचा बरा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. वजनाइतकीच कागदाची खळ महत्त्वाची. खळ म्हणजे शाई पटकन मुरू नये म्हणून कागदाला दिलेला पिठाचा किंवा सरसाचा हात. कोपऱ्यात एक रेघ मारून पाहावी. रेघेच्या कडेला बारीक फाटे फुटले तर खळ कमी आहे असं समजायचं. सरावाला मात्र झेरॉक्सचा कागद चालतो, कारण सराव म्हणजे कागद भरपूर संपणार.

हात मोकळा करणं

सुरुवातीला आकृती काढायचीच नाही. ब्रश शाईत अर्धाच बुडवायचा, बाटलीच्या काठावर एका बाजूनं निथळायचा आणि कागदावर बारीक-जाड-बारीक अशी एका दमातली लांब रेघ ओढायची. दाब वाढला की रेघ जाडावते, हात उचलत आणला की निमुळती होते. अशा पानभर रेघा झाल्या की ब्रश आपलं ऐकू लागतो.

मनगट टेकवून काढलं की रेघ तोकडी आणि थरथरती येते. ब्रश केसांपासून थोडा दूर धरायचा आणि हात खांद्यापासून फिरवायचा. कागद सपाट टेबलावर ठेवण्यापेक्षा पाटीवर लावून किंचित उतरता ठेवला तर पायाकडचा भाग नकळत लहान किंवा लांबट होत नाही.

पाहणं

नाच थांबत नाही, मग काढायचा कधी? याचं उत्तर नाचातच आहे. कथकमध्ये तिहाई असते, म्हणजे बोलांचा एकच तुकडा लागोपाठ तीन वेळा येतो आणि तिसऱ्याचा शेवट समेवर होतो. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. पहिल्या तुकड्याला नुसतं पाहायचं. दुसऱ्याला ब्रश कागदाच्या वर हवेतच फिरवायचा. तिसऱ्याला रेघ ओढायची. समेवर नर्तकी क्षणभर ठाम उभी राहते, तेवढ्यात वजन कोणत्या पायावर आहे ते टिपून घ्यायचं. लावणीत धृपद परत परत येतं आणि त्याबरोबर तोच पवित्रा, थोड्या फरकानं, पुन्हा दिसतो. एकदा हुकला तर पुन्हा मिळतो.

चित्रकार के. के. हेब्बार (1911–1996) यांची नर्तकांची रेखाचित्रं प्रसिद्ध आहेत. मुंबईत राहणाऱ्या या चित्रकारानं लय समजून घेण्यासाठी कथकचे धडे घेतले होते. आपण नाच शिकलाच पाहिजे असं नाही, पण समोरचा पवित्रा स्वतः उभं राहून एकदा घेऊन पाहावा. कोणती मांडी ताणली गेली आणि कोणती टाच दाबली गेली ते आपल्याच अंगाला कळतं.

1906 मध्ये कंबोडियाच्या राजाबरोबर तिथल्या दरबारी नर्तकी फ्रान्सला आल्या, तेव्हा शिल्पकार ऑग्युस्त रोदँ यांनी थोड्याच दिवसांत त्यांची सुमारे दीडशे चित्रं केली, पेन्सिल आणि जलरंगात. समोरच्या माणसावरची नजर कागदाकडे न वळवता रेघ काढायची त्यांना सवय होती. ही सवय आपणही लावून घ्यावी. रेघ थोडी वेडीवाकडी आली तरी चालेल, ती पाहून काढलेली असली पाहिजे.

मोबाइलवरच्या चित्रफितीवरून सराव करता येतो. ती थांबवून मात्र काढू नये. थांबवलेल्या चौकटीत पुष्कळदा दोन पवित्र्यांच्या मधली अवस्था सापडते, जी नाचात डोळ्यांना जाणवतसुद्धा नाही. वेग कमी करून तोच तुकडा पुन्हा पुन्हा चालू ठेवणं बरं.

पहिली रेघ: झोक

एका वाटीत थोडी शाई घेऊन तिच्यात आठ-दहा पट पाणी घालावं. या फिक्या शाईनं डोक्यापासून वजन पेलणाऱ्या टाचेपर्यंत एकच रेघ ओढायची. हा अंगाचा झोक. ही रेघ पुढे गडद शाईखाली लपते, म्हणून ती जरा चुकली तरी बिघडत नाही.

तिच्यावर दोन लहान तिरप्या रेघा, एक खांद्यांची आणि एक कमरेची. लावणीत एका पायावर भार देऊन कंबर बाहेर काढली की त्या बाजूची कंबर वर जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. दोन्ही रेघा समांतर काढल्या की लचक गेली म्हणून समजा. नवशिक्यांच्या चित्रात सर्वांत जास्त वेळा चुकतं ते इथेच.

तोल

गवंडी भिंत सरळ आहे का हे पाहायला ओळंबा लावतात, म्हणजे वजन बांधलेली दोरी सोडतात. आपण ब्रशची दांडी डोळ्यासमोर उभी धरून तेच करायचं. गळ्याच्या खाचेपासून खाली सरळ पाहावं. नर्तकी एका पायावर स्थिर असेल तर ही रेघ त्या पावलावर किंवा अगदी जवळ पडते. दोन्ही पायांवर असेल तर दोन पावलांच्या मध्ये पडते.

चित्रातली आकृती पडते आहे असं वाटलं की आपण धड सरळ करायला जातो. आधी पाऊल तपासावं, बहुधा तेच एखादं बोट इकडे-तिकडे सरकलेलं असतं.

अंगाचा भरीव भाग

आता गडद शाई. ब्रश आडवा करून छाती आणि कंबर असे दोन भाग दोन-तीन फटकाऱ्यांत भरायचे. वारली चित्रांतली माणसं आठवावीत: दोन त्रिकोण, टोकाला टोक लावलेले. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांत तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती नाचणारी माणसं एवढ्यावरच वाकतात, वळतात, झुलतात, कारण दोन्ही त्रिकोण एकाच दिशेला ठेवायचं बंधन नसतं. आपल्या आकृतीतही छाती एकीकडे आणि कंबर दुसरीकडे वळू द्यावी.

कापड

कापड अंगाच्या मागून येतं. कथकच्या चक्करमध्ये शरीर पुढे फिरतं, घेर मागे राहतो. म्हणून चुण्या सरळ खाली न येता फिरण्याच्या उलट दिशेला वळत जातात आणि घेराचा काठ वर उचलून लंबगोल होतो. समेवर शरीर थांबलं तरी कापड क्षणभर पुढे जात राहतं आणि पायांना गुंडाळतं. ताठ शरीर आणि पुढे गेलेला घेर काढला की नर्तकी ‘आत्ताच थांबली’ असं दिसतं. वेणीलाही हाच नियम लागू.

नऊवारीचं गणित वेगळं. कासोटा मागे खोचलेला असल्यानं दोन्ही पाय वेगळे दिसतात. वाकलेल्या गुडघ्यावर कापड ताणलेलं असतं, तिथे रेघ नको, कागद कोराच ठेवावा. चुण्या कमरेच्या खोचणीतून आणि गुडघ्यामागून निघतात, त्या चार-पाचच दाखवायच्या. साडीचा काठ पायाभोवती वळत जातो. ती एक रेघ नीट काढली तर पोटरीची गोलाई वेगळी दाखवावी लागत नाही.

टाकाचं काम

ब्रशचं काम सुकल्यावर टाक हातात घ्यायचा. टाक नेहमी आपल्याकडे ओढायचा. पुढे ढकलला की निबेचं टोक कागदाच्या तंतूत अडकतं आणि शाईचे शिंतोडे उडतात. दिशा अडचणीची असेल तर कागद फिरवावा.

ब्रशनं भरलेल्या आकाराभोवती पूर्ण रेघ फिरवायचा मोह टाळावा, कारण त्यानं सगळी हालचाल कोंडली जाते. रेघ जिथे दाब आहे तिथेच द्यावी: दबलेली टाच, दुमडलेलं कोपर, वाकलेल्या बाजूच्या कमरेची घडी. ताणलेल्या बाजूला एकच लांब रेघ पुरते. उजेडाच्या बाजूला ती मध्येच सोडून दिली तरी पाहणाऱ्याचा डोळा ती पुरी करतो.

हाताला मनगट आणि तळवा मिळून एक ठिपका, मग अंगठा आणि तर्जनी, उरलेली बोटं एकत्र. पाचही बोटं सारखी मोजून काढली की मुद्रा हरवते. चेहऱ्याला भुवयांचा आणि हनुवटीचा कल एवढं पुरे. केसांचा काळा आकार आणि अंबाडा डोक्याची दिशा सांगतात. घुंगरंही मोजत बसू नये. कथक नर्तकीच्या एका पायात ती शंभराहून जास्त असू शकतात. घोट्यावर एक गडद पट्टा, त्यात दोन-चार पांढरे ठिपके आणि खालची कड तुटक, की घुंगरं झाली.

वेग आणि जमीन

वेग दाखवायला कोरडा ब्रश वापरतात. ब्रशची शाई फडक्याला टिपून घ्यायची, केस पसरवायचे आणि घेराच्या काठावरून एक झपाट्याचा हात मारायचा. मधून कागद दिसत राहतो. हे एकाच जागी करावं. सगळीकडे केलं तर कशालाच वेग उरत नाही.

शेवटी वाटीतल्या फिक्या शाईनं पायाखाली सावलीचा एक हात द्यावा. सावली पावलाला चिकटली की आकृती जमिनीवर येते. पाऊल आणि सावली यांत फट ठेवली की तीच आकृती उडी मारते.

काही बिघडलं तर

डाग पडला तर पुसू नये, कारण पुसल्यावर तो मोठा होतो. टीपकागदाचं टोक वरून अलगद टेकवून शाई शोषून घ्यावी. उरलेला डाग केसांत किंवा कापडात सामावून घेता येतो. पांढरा रंग लावून झाकलेली जागा ठिगळासारखी उठून दिसते. त्यापेक्षा नवा कागद बरा.

कार्यक्रमाला जाताना शाईची बाटली नेऊ नये. तिथे ब्रशपेन किंवा साधं बॉलपेन पुरतं. तालमीच्या वर्गात किंवा कलाकेंद्रात बसायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी.

काम संपलं की ब्रश लगेच साध्या पाण्यानं आणि साबणानं धुवावा, विशेषतः केस जिथे पत्र्याच्या नळीत शिरतात तिथे. तिथे सुकलेली शाई सहसा निघत नाही आणि ब्रशचं टोक कायमचं फाटतं.

सराव कसा ठेवावा

एका पानावर सहा लहान आकृत्या, प्रत्येकीला अर्धा मिनिट, फक्त झोक आणि दोन त्रिकोण. नंतर दोन मिनिटांच्या तीन. शेवटी एकच, पाच मिनिटांची. सुरुवातीला बैठकीची लावणी सोपी जाते, कारण नर्तकी बसलेली असते आणि सगळी अदा हात, मान, खांद्यांत असते. कार्यक्रम रोज मिळत नाहीत, पण दोरीवर कपडे वाळत घालणारी, वरच्या फळीवरचा डबा काढणारी माणसं घरात असतातच, आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं ते तिथेही.

चित्र झालं की ते भिंतीला टेकवून चार पावलं मागे यावं आणि घरातल्या कुणालाही विचारावं, ही कोणत्या पायावर उभी आहे? उत्तर पटकन आलं तर त्या चित्राला आणखी हात लावू नये. विचार करावा लागला तर पुढच्या कागदावर पहिली रेघ पावलापासून वर न्यावी.