खिळ्यावाचून सांधलेली पेटी

गेल्या वर्षी शुक्रवार पेठेतील आमच्या जुन्या घराची डागडुजी झाली, तेव्हा माळ्यावरून आजीची सागवानी पेटी खाली आली. तिचा तळ मधोमध चिरला होता. ती भंगारात द्यावी असे घरात ठरले. मला ते पटेना. मी ती हातगाडीवर घालून ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पोरी, तळ गेलाय, पेटी नाही गेली. कोपऱ्यात एक तरी खिळा दाखव." मला एकही सापडला नाही.

त्या कोपऱ्यांविषयी मला जे समजले, तेच येथे सांगत आहे.

पेटीच्या लांब फळीच्या टोकाला मुळाशी अरुंद आणि पुढे रुंद होत जाणारे दात कापलेले असतात. हा आकार पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून या जोडाला इंग्रजीत 'डव्हटेल' म्हणतात. आखूड फळीच्या टोकाला त्याच मापाच्या खाचा असतात. खाचांमध्ये उरलेले लाकूड खुंट्यांसारखे दिसते. फळ्या एकाच दिशेने ठोकून बसवता येतात. मग आखूड बाजूच्या कड्या धरून पेटी कितीही ओढा, दातांच्या तिरप्या कडा खुंट्यांना सोडत नाहीत. सरस असतो, पण तो केवळ मदतीला. प्राचीन इजिप्तमधील थडग्यांत सापडलेल्या लाकडी सामानातही हा जोड आहे.

तिरपेपणाचे गणित नाजूक असते. कठीण लाकडाला आठ सुतांत एक सूत आणि मऊ लाकडाला सहा सुतांत एक सूत, असा साधारण हिशोब आहे. तिरपेपणा कमी पडला तर जोड निसटतो. जास्त झाला तर दातांची टोके तुटतात.

मग तळच का चिरला? लाकूड ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पण मुख्यतः रुंदीत. लांबीत फारसा फरक पडत नाही. चारही बाजूंच्या फळ्यांचे तंतू आडवे असल्यामुळे त्या एकदमच कमीजास्त होतात आणि जोडावर ताण येत नाही. तळाची रुंद फळी मात्र दोन्ही कडांना खिळ्यांनी जखडलेली होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात तिला आकसायला जागाच उरली नाही.

आता सौंदर्याविषयी. फळीच्या टोकाचे लाकूड तिच्या पृष्ठभागापेक्षा गडद दिसते, त्यामुळे एकाच सागवानातही कोपऱ्यावर फिकट आणि गडद अशी नक्षी आपोआप उमटते. एक फळी शिसवीची घेतली तर ती अधिकच खुलते. कसबी कारागीर खुंट्या अगदी बारीक ठेवतो किंवा मोठ्या दातांमध्ये लहान दात बसवतो. काही जण हा जोड आतल्या आत दडवतात, तेव्हा बाहेरून फक्त एक सरळ रेघ दिसते.

एकोणिसाव्या शतकात 'बॉम्बे बॉक्स' नावाने प्रसिद्ध झालेल्या पेट्यांवर हस्तिदंत, धातू आणि लाकूड यांच्या पातळ चकत्या चिकटवून नक्षी करीत. ती कलाही मोठीच. पण ती नक्षी उखडली तरी पेटी उभी राहते. डव्हटेलची नक्षी काढली तर पेटीच उरत नाही. आपल्या सोलापुरी चादरीचेही असेच आहे. तिच्यावरची फुले छापलेली नसतात, ती विणीतच असतात.

मिस्त्रीकाकांनी नवा तळ पट्ट्यापट्ट्यांचा केला आणि प्रत्येक पट्टी एकाच कडेला खिळली, म्हणजे दुसरी कड मोकळी हलू शकेल. मग त्यांनी मला पटाशी, मोगरी आणि काही तुकडे दिले. आधी दात कापायचे, ते दुसऱ्या फळीवर ठेवून टोकदार सुरीने खुणा करायच्या, करवत रेघेवर न चालवता रेघेच्या टाकाऊ बाजूने चालवायची आणि पटाशी दोन्ही अंगांनी मध्यापर्यंत आणायची. ऐकायला सोपे आहे. माझ्या छोट्या डबीच्या तीन कोपऱ्यांत फटी राहिल्या. चौथा मात्र नीट बसला.

आजीची पेटी आता माझ्या पुस्तकांसाठी आहे. डबी तिच्यावर ठेवली आहे, चौथा कोपरा पुढे करून.