जुन्या पोथीतले चार लहान जीव

मुंगी आपल्याला ठाऊक आहे. पाल ठाऊक आहे. टोळही ठाऊक आहे. पण 'शाफान' म्हणजे काय, असे कुणी विचारले तर? आपण एकमेकांच्या तोंडाकडेच बघू!

ही चारही नावे एका फार जुन्या पोथीत एकाच ठिकाणी आली आहेत. पोथी आहे यहुदी लोकांची. तिची भाषा हिब्रू. नावे वाचायला अवघड नाहीत. पण त्या नावांचे जीव नेमके कोणते, यावर शेकडो वर्षे वाद चालला. मोठमोठ्या पंडितांनीही चुकीचे जीव सांगितले. असे का झाले, आणि खरी ओळख कशी पटली, ते आता पाहू.

पोथी कुणाची?

यहुदी लोकांचा मूळ मुलूख भूमध्य समुद्राच्या पूर्व काठाला आहे. त्यांची पोथी दोन हजार वर्षांहून जुनी आहे. ख्रिस्ती लोकही ती मानतात. त्यांच्या बायबलात तिला 'जुना करार' म्हणतात.

यहुदी लोक आपल्याला अगदीच परके नाहीत बरे का! कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल नावाचे यहुदी लोक शेकडो वर्षे राहत आले. त्यांची बोली मराठी. पुष्कळ जण तेलाचे घाणे चालवीत. शनिवार हा त्यांचा विसाव्याचा वार. त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. १९४८ साली इस्राएल देश झाला. त्यानंतर त्यांच्यातले बरेच जण तिकडे गेले.

या पोथीत 'नीतिसूत्रे' नावाचा एक भाग आहे. त्याच्या ३० व्या अध्यायात आगूर नावाच्या माणसाचे बोल आहेत. तो चार जिवांची नावे घेतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: हे जीव दिसायला लहान, पण अकलेने मोठे आहेत. मुंगी वेळेवर साठा करते. शाफान खडकाचा आसरा घेतो. टोळ राजावाचून एकजुटीने चालतात. आणि 'समामीत' नावाचा इवलासा जीव थेट राजाच्या महालात राहतो.

नाव राहिले, ओळख गेली

एके काळी हिब्रू ही घरात, शेतात, बाजारात बोलायची भाषा होती. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी तसे बोलणे थांबले. भाषा उरली ती प्रार्थनेत आणि पोथीत. यहुदी लोक देशोदेशी पांगले. कुणी थंड मुलखात गेले, कुणी वाळवंटात. तिथले प्राणी वेगळे, किडे वेगळे.

आपल्याकडे काय होते पाहा. आजोबा शेतातल्या तणाचे नाव घेत. नातू शहरात वाढला. त्याला नाव आठवते, पण ते तण समोर धरले तर ओळखता येत नाही. यहुदी लोकांचे तसेच झाले. अक्षरांनी नाव जपले. ओळख मात्र हरवली.

आता एकेक जीव घेऊ.

मुंगी

मुंगी तर सगळीकडे आहे. मग वाद कसला? वाद होता तिच्या साठ्याचा.

त्या मुलखात पाऊस हिवाळ्यात पडतो. गहू आणि जव यांची कापणी उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. त्या वेळी मुंगी दाणे गोळा करते, असे पोथी सांगते. पण युरोपातले काही पंडित म्हणाले, "हे खरे नव्हे. आमच्याकडच्या मुंग्या दाणे साठवीत नाहीत. त्या आपले पांढरे कोष तोंडात धरून नेतात. जुन्या लोकांना ते कोष दाण्यांसारखे दिसले असतील."

पंडितांनी पाहिल्या होत्या थंड देशातल्या मुंग्या. त्यावरून त्यांनी उन्हाच्या देशातल्या मुंगीचा निकाल लावला.

पुढे खुलासा झाला, आणि त्यात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. १८३० च्या सुमारास सायक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी पुण्यात होता. त्याला पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. पावसाने आत ओल गेली होती. म्हणून मुंग्यांनी भिजलेले बी बाहेर आणून उन्हात वाळत घातले होते! त्याने हे लिहून प्रसिद्ध केले. नंतर मॉग्रिज नावाच्या माणसाने फ्रान्स देशाच्या दक्षिण भागात मुंग्यांची बिळे उकरून पाहिली. आत बियांची कोठारे निघाली. त्याचे पुस्तक १८७३ साली छापले गेले. तेव्हा युरोपातल्या पंडितांची शंका फिटली.

खरे तर यहुदी शेतकऱ्याला ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती. त्यांच्या 'मिश्ना' नावाच्या कायद्याच्या ग्रंथात मुंग्यांच्या बिळाचा नियम आहे. हा ग्रंथ सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा. त्या लोकांत कापणीनंतर शेतात पडलेला सरवा गरिबांचा असे. मालकाने तो उचलायचा नाही. मग प्रश्न आला, मुंग्यांच्या बिळात जे दाणे सापडतील ते कुणाचे? उभ्या पिकातल्या बिळातले दाणे मालकाचे, असे ठरले. कापणी झालेल्या जागी मात्र वाटणी झाली. वरचे दाणे गरिबांचे, खालचे मालकाचे. कारण वरचे दाणे सरव्यातून नेलेले असणार. रब्बी मेईर नावाचे एक गुरू तर याहून पुढे गेले. ते म्हणाले, सगळेच गरिबांना द्या. सरवा आहे की नाही अशी शंका असली, तर तो सरवाच धरावा.

मूठभर दाण्यांसाठी एवढा विचार! मुंगी दाणे साठवते हे खोटे असते, तर या नियमाची गरजच पडली नसती.

शाफान

आता तो अनोळखी प्राणी.

मार्टिन ल्यूथर यांनी १५३४ साली सगळे बायबल जर्मन भाषेत आणले. त्यांनी शाफान म्हणजे घरससा असे लिहिले. १६११ सालच्या इंग्रजी बायबलातही घरसशाचेच जुने नाव आहे. त्या देशांत घरससे भरपूर. लोकांना ते पटले.

पण पोथीत काय आहे? शाफान खडकात राहतो. घरससा तर मऊ मातीत बीळ करतो. शिवाय रानटी घरससा हा त्या मुलखातला प्राणीच नव्हे.

मग खडकात राहतो कोण? मृत समुद्राच्या काठी एन गेदी नावाची जागा आहे. तिथल्या डोंगरकपारीत आजही एक प्राणी कळपाने राहतो. रंग तपकिरी, अंग गुबगुबीत, आकार सशाएवढा. पण कान लहान, आणि शेपूट दिसतच नाही. हाच शाफान. आपल्या देशात तो नाही, म्हणून मराठीत त्याला घरगुती नाव नाही.

त्याला बीळ खणता येत नाही. नखे बोथट, खुरासारखी. पण तळपाय रबरासारखे मऊ आणि ओलसर असतात. त्यामुळे गुळगुळीत खडकावरून तो घसरत नाही. कळप चरत असला की एक जण उंच दगडावर बसून राखण करतो. गरुड दिसला की किंचाळतो. सगळे क्षणात कपारीत! अंगात बळ नाही, पण जागा अशी निवडली की शत्रूचे काही चालत नाही. घरससा धरला तर पोथीतला हा अर्थच निसटतो.

आणखी एक नवल. प्राण्यांचे शास्त्र जाणणारे सांगतात, की वंशाने पाहिले तर शाफान हा हत्तीचा दूरचा भाऊबंद आहे!

टोळ

टोळाची ओळख आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळी करून द्यायला नको. २०२० सालच्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली. अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत लोकांनी डबे वाजवले, धूर केला, फवारणी केली. पोथीतला मुख्य टोळ तोच, वाळवंटी टोळ.

एक टोळ दिवसाला आपल्या वजनाइतका पाला खातो. वजन असते जेमतेम दोन ग्रॅम. पण एका चौरस किलोमीटरच्या धाडीत चार कोटींहून जास्त टोळ असू शकतात. अशी धाड दिवसाला ३५,००० माणसांचे अन्न फस्त करते.

मधमाश्यांना राणी असते. टोळांना ना राणी, ना राजा. मग ते एकत्र कसे चालतात? एरवी टोळ एकेकटा राहतो. पाऊस चांगला झाला की त्यांची संख्या वाढते. चारा कमी झाला की दाटी होते. दाटीत एकमेकांचे पाय घासतात. त्याने त्यांचा स्वभाव बदलतो. पुढे रंगही बदलतो. मग सगळे एकाच दिशेने निघतात.

टोळाची ओळख यहुदी लोकांच्या पोटापाण्याशीही जोडलेली आहे. त्यांच्या धर्मात काय खावे आणि काय खाऊ नये याचे नियम कडक आहेत. उडणारे किडे खायचे नाहीत. मात्र उडी मारण्याचे लांब पाय असलेल्या टोळांच्या चार जाती चालतात. त्यांची नावे आहेत आर्बे, सोलाम, हार्गोल आणि हागाव. पण नाव वाचून जात कशी ओळखणार? चुकीची जात खाल्ली तर धर्म मोडतो. युरोपात टोळ क्वचित येत. तिथल्या यहुद्यांना ओळख उरली नाही. म्हणून त्यांनी टोळ खाणेच सोडले.

अरबस्तानच्या दक्षिणेला येमेन देश आहे. तिथे टोळधाडी येत राहिल्या. धाडीने पीक गेले, की गरिबाच्या हाती टोळच उरत. तिथल्या यहुद्यांमध्ये बाप मुलाला टोळ हातात धरून दाखवी: हा चालतो, हा चालत नाही. चालणाऱ्या टोळाच्या अंगावर हिब्रूतल्या 'हेत' या अक्षरासारखी खूण असते, असे ते सांगत. १९४९ आणि १९५० साली येमेनचे बहुतेक यहुदी इस्राएलात आले. त्यांच्याबरोबर ही ओळखही आली. जे मोठ्या ग्रंथांतून उलगडले नाही, ते या साध्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या जपले होते.

समामीत

हा राजवाड्यातला पाहुणा कोण? १६११ सालच्या इंग्रजी बायबलात लिहिले आहे, कोळी. म्हणजे जाळे विणणारा कोळी. १८८५ साली ते भाषांतर तपासून दुरुस्त केले गेले. तेव्हा कोळ्याच्या जागी सरडा-पालीच्या जातीचा शब्द आला. गंमत अशी, की दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक भाषांतरातही पालच होती. आजच्या हिब्रू बोलीतही समामीत म्हणजे पाल.

पोथीत या जिवाच्या 'हातांचा' उल्लेख आहे. पालीच्या पंजाला पाच बोटे असतात. अगदी लहान बाळाच्या हातासारखी. बोटांखाली लाखो बारीक केस असतात. त्यांच्या जोरावर ती गुळगुळीत भिंतीवर चढते. तिथे डिंक नाही की चिकटा नाही. काही जण त्या वाक्याचा अर्थ असा करतात, की या जिवाला आपण सहज हातात धरू शकतो. दोन्ही अर्थांनी बोध एकच निघतो. इवलासा जीव, पण पहारेकऱ्यांना न विचारता राजाच्या महालात शिरतो!

आपल्याकडे पाल चुकचुकली की काही लोक शकुन पाहतात. त्या जुन्या माणसाने मात्र शकुन पाहिला नाही. पाल काय करते, हे नीट डोळे उघडून पाहिले.

आपण काय घ्यावे?

या चार जिवांची ओळख तीन वाटांनी पटली. पहिली वाट, पोथी त्या जिवाविषयी काय सांगते ते नीट वाचणे. दुसरी, ज्या मातीतला शब्द आहे त्या मातीत जाऊन पाहणे. तिसरी, ज्यांच्या तोंडी तो शब्द अजून जिवंत आहे त्यांना विचारणे.

आता आपल्याला अक्षरे लावता येतात. पोथी वाचू, वर्तमानपत्र वाचू, बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूरही वाचू. एखादा शब्द अडला तर अंदाजाने घरससा ठोकून देऊ नये. थांबावे. पाहावे. जाणत्याला विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

आणि आपल्या गावातले म्हातारेकोतारे किती किड्यांची, पाखरांची, गवतांची नावे जाणतात! ती नावे अजून वहीत आलेली नाहीत. आता लिहिता येते, तर ती लिहून ठेवू. नुसते नाव लिहू नका हं. तो जीव दिसतो कसा, राहतो कुठे, येतो कधी, खातो काय, तेही लिहा. नाही तर उद्या आपल्याच नातवंडांना आपलाच शब्द वाचता येईल, पण जीव ओळखता येणार नाही.

विचार करा आणि सांगा

१. शाफान म्हणजे घरससा नव्हे, हे कशावरून ठरले?
२. मुंग्यांच्या बिळातले दाणे गरिबांना द्यावेत, असे रब्बी मेईर का म्हणाले?
३. तुमच्या शेतातल्या पाच लहान जिवांची गावातली नावे लिहा. प्रत्येकाची एकेक खूण लिहा.