अस्सलबरहुकूम नक्कल

जुन्या कागदाची नक्कल तयार झाली की तिच्यावर ‘अस्सलबरहुकूम नक्कल’ असा शेरा मारण्याची आपल्याकडे रीत होती. नक्कल उतरणे हे एक काम आणि ती मुळाशी ताडून पाहणे हे दुसरे, ही जाणीव त्या शेऱ्यामागे होती. संगणकाने पहिले काम इतके सोपे करून टाकले की दुसऱ्याचा आपल्याला विसरच पडला. त्या दुसऱ्या कामाविषयी येथे चार शब्द सांगावयाचे आहेत.

आपल्या ग्रंथालयातील जुन्या वार्षिक अंकांची छायाचित्रे घेण्याच्या कामात मी वर्षभर आहे. पाने इतकी जीर्ण की पुन्हा उलगडण्याची सोय नाही. प्रत्येक पानाची एक फाईल व तिच्या तीन हार्ड डिस्कांवर तीन प्रती. “तीन प्रती आहेत, मग काळजी कसली?” असे मित्र विचारतात. काळजी अशी की, डिस्कवरील एखादा कण बिघडला तरी फाईलीचे नाव तेच राहते, आकारही तोच राहतो. पुढच्या खेपेस हीच बिघडलेली फाईल चांगल्या प्रतीवर उतरविली जाते, आणि एका प्रतीचा रोग तिन्ही प्रतींना जडतो.

मग ताडावे कसे? हस्तलिखिताच्या अखेरीस ग्रंथसंख्या नोंदविण्याची जुनी पद्धत होती. ३२ अक्षरांचा एक ‘ग्रंथ’ धरीत. संख्या कमी भरली की मजकूर गळाला हे कळे. परंतु ‘कमल’चे ‘अमल’ झाले तर मोजणीत फरक पडत नाही. म्हणून अक्षरांना क्रमांक देऊ: क १, म २, ल ३, अ ४. ‘कमल’ची बेरीज ६, ‘अमल’ची ९. चूक सापडली! पण ‘कलम’ची बेरीजही ६ च. तेव्हा प्रत्येक क्रमांकाला त्याच्या स्थानाने गुणावे. आता ‘कमल’चे १४ होतात आणि ‘कलम’चे १३. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील १३ आकडी क्रमांकाचा शेवटचा आकडा अशाच हिशेबातून येतो.

फाईलीचा ‘चेकसम’ म्हणजे याच कल्पनेचा विराट अवतार होय. २००२ साली अमेरिकेत प्रमाण म्हणून मान्य झालेली ‘शा-२५६’ ही पद्धत घ्या. फाईल एका पानाची असो वा अख्ख्या चित्रपटाची, तिच्यातून ६४ चिन्हांची एक खूण निघते. मजकूर तोच तर खूण तीच. एक ठिपका बदलला तरी खूण पार बदलते. नाव मात्र हिशेबात धरले जात नाही. त्यामुळे निरनिराळ्या नावांनी दोनदा ठेवलेले एकच पानही ओळखू येते. रोनाल्ड रिव्हेस्ट यांची १९९१ ची ‘एमडी-५’ ही पद्धत याहून जुनी. दोन भिन्न मजकुरांची खूण एकच निघेल अशी रचना मुद्दाम करता येते, हे २००४ साली चिनी गणितज्ञ वांग श्याओयुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. आपोआप झालेला बिघाड तिने आजही कळतो; पण लबाडीचीही शंका असेल तेथे ‘शा-२५६’च बरी. ती काढण्याची सोय विंडोज व लिनक्स दोहोंत आहे. वेगळा खर्च नाही.

आमची रीत अशी: छायाचित्र तपासले की त्याच दिवशी खूण काढावयाची, यादी निराळ्या जागी ठेवावयाची, आणि दर सहा महिन्यांनी तिन्ही डिस्कांवरील खुणा पुन्हा काढून यादीशी ताडावयाच्या. यंदा एका डिस्कवरील दोन पाने जुळली नाहीत. एका पानाचा खालचा अर्धा भाग करडा झाला होता. दुसऱ्यात डोळ्यांना काहीच वावगे दिसेना. यादीशी जुळणाऱ्या प्रतीवरून दोन्ही पाने पूर्ववत केली.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी. खूण बिघाड सांगते, दुरुस्त करीत नाही. त्यासाठी दुसरी प्रत हवीच. शिवाय बिघडल्यानंतर काढलेली खूण बिघाडालाच ‘अस्सल’ ठरवील. दोन प्रतींत फरक पडला आणि पहिल्या दिवसाची यादी नसली, तर खरी कोणती हे खूण सांगू शकत नाही.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजोबांची पत्रे, लग्नाची छायाचित्रे, प्रबंधाची टिपणे आता फाईलींच्या रूपात आहेत. त्यांची प्रत तर ठेवावीच. पण ती आज चांगली आहे तोवरच तिची खूणही काढून ठेवावी.