आजोबा एकटेच फिरून आले

माझे बाबा एसटीतून निवृत्त झालेले. पहिल्यांदा आमच्याकडे डरहॅमला आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "इथला स्टँड कुठे आहे गं?" मी हसले. तिसऱ्या आठवड्यात मात्र म्हणाले, "घर छान आहे, पण तुम्ही दोघं गाड्या घेऊन गेलात की मी नजरकैदेत." तेव्हा हसू आलं नाही. आई-वडील येऊन गेलेल्या आपल्यापैकी कोणत्या घराला हे वाक्य नवीन आहे?

"बाबा, पुढेमागे आपल्याकडे लाइट रेल येणार आहे," मी त्यांना उत्साहाने सांगितलं. लाइट रेल म्हणजे मुंबईत १९६४ साली बंद झालेल्या ट्रामची नवी, वेगवान पिढी. वरच्या तारेतून वीज घेते, रस्त्यावरून धावते आणि स्वतःच्या वेगळ्या मार्गावरूनही.

आमची नियोजित लाइन १७.७ मैलांची होती. चॅपेल हिलच्या विद्यापीठ रुग्णालयापासून ड्यूक विद्यापीठ आणि डरहॅम शहरातून नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठापर्यंत. तीन विद्यापीठं एका रुळावर! गाडी नसलेला विद्यार्थी, रात्रपाळीची नर्स, तपासणीला निघालेले आजी-आजोबा, सगळ्यांची सोय. डरहॅम काउंटीच्या मतदारांनी २०११ मध्ये आणि ऑरेंज काउंटीच्या मतदारांनी २०१२ मध्ये सार्वजनिक वाहतुकीसाठी अर्धा टक्का जादा विक्रीकर स्वतः मत देऊन मान्य केला होता.

पण २७ फेब्रुवारी २०१९ रोजी ड्यूकने सहकार्य करारावर सही करायला नकार दिला. रुग्णालय आणि प्रयोगशाळांजवळून गाडी गेली तर कंपनं आणि विद्युतचुंबकीय लहरींमुळे नाजूक यंत्रांना त्रास होईल, ही त्यांची मोठी चिंता होती. ती पोकळ नव्हती. शिवाय रेल्वेमार्गाच्या मालकांशी करार बाकी होते आणि सरकारी निधीची मुदत डोक्यावर होती. महिनाभराने, २७ मार्चला, योजना गुंडाळली गेली. तोवर १३ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला होता.

पुढे आमची लेक मिनेसोटा विद्यापीठात शिकायला गेली आणि तिथे मला याच गोष्टीचा दुसरा शेवट पाहायला मिळाला. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांना जोडणारी ग्रीन लाइन थेट कॅम्पसमधून जाते. तिथेही प्रयोगशाळांची तीच काळजी होती. २००९ मध्ये विद्यापीठ चक्क कोर्टात गेलं. पण बोलणी तुटली नाहीत. कंपनं शोषून घेणारी रुळांची बांधणी, वीजपुरवठ्याची वेगळी रचना, कंपनांवर मर्यादा, असं एकेक ठरत गेलं आणि २०१० मध्ये तडजोड झाली. कॅम्पसमधल्या वॉशिंग्टन अव्हेन्यूवर खासगी गाड्या बंद झाल्या. १४ जून २०१४ रोजी ११ मैलांची लाइन सुरू झाली.

पुढच्या खेपेला बाबांना घेऊन आम्ही लेकीकडे गेलो. दुपारी आम्ही जरा आडवे झालो आणि उठून बघतो तर बाबा गायब! फोन लागेना. तासाभराने स्वारी दारात हजर. ईस्ट बँक स्टेशनवर नकाशात शेवटच्या थांब्याचं नाव त्यांनी वाचलं होतं, 'युनियन डेपो'. डेपो म्हटल्यावर एसटीच्या माणसाला राहवतंय होय? "तिकीट काढलं, बसलो, डेपो बघितला, परत आलो. कुणाला काही विचारावं लागलं नाही," ते म्हणाले. अमेरिकेत इतके ताठ चालताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

दोन्हीकडे भीती तीच होती. एका ठिकाणी तिच्यावर उपाय शोधायला वेळ मिळाला, दुसऱ्या ठिकाणी हातात वेळ उरला नाही. म्हणून ही बोलणी लवकर सुरू व्हावी लागतात आणि त्यात आपलाही आवाज हवा. चॅपेल हिलमध्ये आता वेगवान बसमार्गाचं काम पुढे सरकतं आहे. पूर्वी अशा बैठकांच्या सूचना मी न वाचता टाकून द्यायचे. आता जाते, आणि बोलायची वेळ आली की नजरकैदेची गोष्ट सांगते.

बाबांचा प्रवास आता झेपत नाही. पण रविवारी फोनवर हवापाण्याचं बोलून झालं की त्यांचा प्रश्न ठरलेला असतो. "काय गं, तुमच्याकडे गाडी आली का?"