राजीनामा परत घ्यायला लावणारी गर्दी

९ जून १९६७ च्या संध्याकाळी इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष गमाल अब्दुल नासेर दूरचित्रवाणीवर आले, तेव्हा त्यांचा देश इस्रायलविरुद्धचे युद्ध हरून बसला होता. विमानदल पहिल्याच सकाळी धावपट्ट्यांवर जळाले होते आणि सिनाईचे वाळवंट हातचे गेले होते. खचलेल्या आवाजात त्यांनी पराभवाची जबाबदारी घेतली आणि राजीनामा जाहीर केला. थोड्याच वेळात कैरोचे रस्ते माणसांनी भरून गेले. इतक्या मोठ्या पराभवानंतर लोक जाब विचारायला येतात. हे आले होते, ‘जाऊ नका’ म्हणायला. काही गर्दी सत्ताधारी पक्षाने जमवली असेल, पण सगळी नाही. दुसऱ्या दिवशी नासेर यांनी राजीनामा मागे घेतला.

त्यांचा वारसा समजून घ्यायचा तर मला त्या रात्रीपाशीच थांबावेसे वाटते.

या माणसाने लोकांना काय दिले होते? पोस्टात नोकरी करणाऱ्याचा हा मुलगा. २३ जुलै १९५२ ला त्यांच्यासह तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली, तीन दिवसांत राजा फारूक देशाबाहेर गेला आणि सप्टेंबरात जमीनधारणेवर २०० फेदानची मर्यादा आली. फेदान म्हणजे साधारण एकर. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबलेल्या फेल्लाहाला, म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला, सरकार प्रथमच आपले वाटले.

मग आला २६ जुलै १९५६. अलेक्झांड्रियाच्या सभेत बोलताना नासेर सुवेझ कालवा खोदवून घेणाऱ्या फ्रेंच द लेसेप्सचे नाव पुन्हापुन्हा घेत होते. ते नाव हीच खूण ठरली होती. रेडिओवर ते ऐकताच त्यांच्या माणसांनी कालवा कंपनीच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. कालवा खोदताना मेलेल्या इजिप्शियन मजुरांची नातवंडे-पतवंडे ते भाषण ऐकत होती. ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल चालून आले आणि त्यांना परतावे लागले. त्यानंतर ‘सौत अल-अरब’ हे कैरोचे रेडिओ केंद्र बगदादपासून अल्जियर्सपर्यंत कान देऊन ऐकले जाऊ लागले. सीरियाशी झालेले एकीकरण मात्र साडेतीन वर्षांत मोडले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. १९५३ च्या जानेवारीत तेव्हाचे राजकीय पक्ष बरखास्त झाले. क्रांतीचा पहिला चेहरा असलेले मोहम्मद नजीब नजरकैदेत गेले. मुस्लिम ब्रदरहूडवाले आणि कम्युनिस्ट दोघेही तुरुंगात खितपत पडले. १९६० मध्ये वृत्तपत्रे सरकारी नियंत्रणाखाली आली आणि १९६६ मध्ये ब्रदरहूडचे विचारवंत सय्यद कुत्ब यांना फाशी झाली. येमेनच्या युद्धात सैन्य वर्षानुवर्षे अडकून पडले, तेव्हा ‘हे थांबवा’ म्हणणारी संसद नव्हती, अग्रलेख नव्हता. ६७ च्या पराभवाची मुळे मला तिथे दिसतात. त्या रात्री लोक नासेर यांच्यासाठी रडले, त्यात प्रेम होतेच. पण त्यांच्या जागी दुसरे कुणी उभे राहील अशी जागाच त्यांनी ठेवली नव्हती, हेही होते.

६७ च्या युद्धात बंद पडलेला सुवेझ कालवा १९७५ पर्यंत उघडला नाही. युरोपातून मुंबईला येणारी जहाजे तोवर आफ्रिकेला वळसा घालत होती.

२८ सप्टेंबर १९७० ला नासेर गेले, तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. अंत्ययात्रेला लाखोंचा लोंढा लोटला. त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या सादात यांनी बाजार खुला केला, १९७९ मध्ये इस्रायलशी तह केला. पुढे १९९२ च्या कायद्याने कुळांचे संरक्षणही काढून घेतले. नासेर यांनी दिलेले एकेक करून परत गेले. तरी २०१२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत नासेरवादी हमदीन सब्बाही यांना पहिल्या फेरीत ४८ लाखांवर मते मिळाली.

नासेर यांनी घेतलेले मात्र परत आले नाही. हंगामी वगळता इजिप्तचे सगळे राष्ट्राध्यक्ष लष्करातून आले, अपवाद फक्त मोहम्मद मोर्सी यांचा. मतपेटीतून निवडून आलेल्या मोर्सींना लष्कराने जुलै २०१३ मध्ये, जेमतेम वर्षभरानंतर, पदावरून काढले.